ट्यूब अॅम्पची घूं, सूं आणि कडकड: नाशिकच्या गिटारवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

दुरुस्तीला येणाऱ्या ट्यूब अॅम्पबरोबर (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अॅम्प्लिफायर) बहुतेक वेळा निदानही आयतंच येतं: "ट्यूब गेलीय." कधी खरंच गेलेली असते. पण त्याहून जास्त वेळा दोष केबलमध्ये, घरच्या अर्थिंगमध्ये नाहीतर पेडलच्या अॅडॅप्टरमध्ये निघतो, आणि तोवर माणसाने नव्या ट्यूबचा अख्खा सेट मागवलेला असतो. म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी नुसत्या कानाने करायची कामं बरीच आहेत.

अॅम्प नुसता चालू ठेवला तरी सूं-सूं करतो. हे नॉर्मल आहे का?

थोडी सूं असणारच. प्रीअॅम्पमध्ये, म्हणजे गिटारचा सिग्नल आधी मोठा करणाऱ्या भागात, सर्रास दिसणारी १२एएक्स७ ट्यूब, म्हणजे युरोपियन नावाने ईसीसी८३, हिचा अॅम्प्लिफिकेशन फॅक्टर १०० असतो. अशा दोन-तीन पायऱ्या एकामागे एक लावल्या की पहिल्या पायरीतला बारीकसा आवाजही स्पीकरपर्यंत पोचेतो चांगलाच फुगतो. गेन नऊवर न्यायचा आणि वर पूर्ण शांतता मागायची, हे जमायचं नाही.

माझी पद्धत अशी: अॅम्प नेहमीच्या आवाजावर ठेवा, गिटारचा व्हॉल्यूम बंद करा आणि जिथे उभे राहून वाजवता तिथेच उभे राहा. दोन सुरांच्या मधल्या जागेत ती सूं टोचत नसेल तर सोडून द्या. स्पीकरच्या जाळीला कान लावून ऐकलं तर कुठलाही ट्यूब अॅम्प बिघडलेलाच वाटेल. काळजी करायची ती आवाज बदलला तर. मागच्या महिन्यापर्यंत नसलेली घूं आज आली असेल, तर तिला कारण आहे आणि ते सापडतं.

शोध कुठून सुरू करू?

बाहेरून आत या. गिटार, केबल, पेडल, सगळं काढा. इनपुटला काहीही नको. अॅम्प एक्स्टेन्शन बोर्डवर न लावता थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. स्पीकर मात्र जोडलेलाच हवा. स्पीकरशिवाय ट्यूब अॅम्प चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि मग मूळ तक्रार परवडली म्हणायची वेळ येते.

आता आवाज गेला का? मग अॅम्पला बोल लावू नका. जे काढलं ते एकेक करून परत जोडा: आधी फक्त केबल, मग गिटार, मग एकेक पेडल. आवाज ज्या क्षणी परततो, त्याच क्षणी जोडलेली वस्तू संशयित.

आवाज आहेच? मग व्हॉल्यूम शून्यावर न्या. त्याबरोबर आवाजही खाली गेला तर दोष व्हॉल्यूमच्या अलीकडे, म्हणजे पहिल्या ट्यूबच्या आसपास. जागचा हलला नाही तर पलीकडे: फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबच्या जोडीला सिग्नल सुलट-उलट वाटून देणारी ट्यूब), पॉवर ट्यूब किंवा पॉवर सप्लाय. हाच प्रयोग मास्टर, ट्रेबल, रिव्हर्ब अशा प्रत्येक नॉबवर करा. जो नॉब आवाजाला हलवतो, त्याच्या इनपुटकडच्या बाजूला शोधा. ज्याचा त्याच्यावर काडीचाही परिणाम नाही, त्याच्या स्पीकरकडच्या बाजूला. इथवर अॅम्प उघडलेला नाही, रुपया गेलेला नाही आणि निम्मं निदान झालेलं आहे.

पुढची पायरी ट्यूब काढून बघायची. अॅम्प बंद करा, प्लग उपटा, ट्यूब गार होऊ द्या. इनपुटच्या सगळ्यात जवळची प्रीअॅम्प ट्यूब काढून अॅम्प परत चालू करा. आवाज गेला तर ती ट्यूब, तिचं सॉकेट किंवा त्याभोवतीचे पार्ट. राहिला तर पुन्हा बंद करून पुढची काढा. फेज इन्व्हर्टरची ट्यूब काढूनही घूं तशीच असेल, तर पॉवर ट्यूब आणि सप्लाय एवढेच उरले. एक खबरदारी घ्या. काही अॅम्पमध्ये प्रीअॅम्प ट्यूबचे हीटर, म्हणजे ट्यूब तापवणाऱ्या तारा, सिरीजमध्ये असतात. तिथे एक ट्यूब काढली की बाकीच्याही विझतात आणि ही चाचणी साफ फसवते.

घूं ५० हर्ट्झची की १०० हर्ट्झची, हे मला कसं कळणार? माझ्याकडे यंत्र नाही.

गिटार आहे ना? जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी वाजवा. तो ९८ हर्ट्झचा असतो. अॅम्पची घूं त्याच्या लगत, पण किंचित चढी लागत असेल तर ती १०० हर्ट्झ. त्याच्या बरोबर एक सप्तक खाली असेल तर ५०. ट्यूनर दोन्ही वेळा जी दाखवेल आणि काटा साधारण ३५ सेंट वर असेल, त्यामुळे सप्तक कानानेच ओळखावं लागतं. लहान, आठ इंची स्पीकरमधून ५० हर्ट्झ धड येतच नाही, त्याचे वरचे स्वर तेवढे ऐकू येतात. तिथे फोनवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं अॅप बरं. अमेरिकन व्हिडिओंमध्ये ६० आणि १२० हे आकडे ऐकाल. ते तिकडच्या विजेचे, आपली वीज ५० हर्ट्झची.

एवढा खटाटोप कशासाठी, तर दोन्हींची घरं वेगळी आहेत. १०० हर्ट्झ तयार होते रेक्टिफायरनंतर (तो एसीची डीसी करतो), म्हणजे संशय ती डीसी सपाट करणाऱ्या फिल्टर कपॅसिटरवर. ५० हर्ट्झ थेट मेन्समधून येते: ट्यूबच्या ६.३ व्होल्टच्या एसी हीटरच्या वायरी, केबलचं तुटलेलं शील्ड, सिंगल कॉइल पिकअप, अर्थिंगचा घोळ. याला एक अपवाद आहे आणि तो भल्याभल्यांना चकवतो. फिक्स्ड बायसच्या अनेक अॅम्पमध्ये बायसचा (पॉवर ट्यूबचा करंट ठरवणाऱ्या व्होल्टेजचा) सप्लाय हाफ वेव्ह, म्हणजे विजेच्या लाटेची एकच बाजू वापरणारा असतो, त्यामुळे तिथला छोटा कपॅसिटर वाळला की घूं ५० हर्ट्झची येते आणि माणूस हीटरच्या वायरी पिळत बसतो.

गिटार लावली की घूं, काढली की शांत. गिटार खराब आहे का?

सिंगल कॉइल असेल तर खराब नाही, तिचा तो स्वभाव आहे. खुर्चीवर बसून हळूहळू गोल फिरा. एका दिशेला घूं जवळजवळ मरते. म्हणजे पिकअप खोलीतलं चुंबकीय क्षेत्र टिपतोय. अॅम्पच्या मेन्स ट्रान्सफॉर्मरपासून दोन-तीन पावलं लांब राहिलात तरी फरक पडतो. याच दुखण्यावर गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला: दोन कॉइल अशा उलट जोडायच्या की बाहेरची घूं एकमेकींत कटते आणि तारेचा स्वर राहतो.

हमबकर असूनही घूं येत असेल तर मात्र केबल आणि गिटारचा जॅक बघा. जॅकच्या अर्थ टोकाचा डाग सुटलेला असतो, हे फार वेळा निघतं.

तारांना हात लावला की घूं कमी होते. हे बरोबर की चूक?

बरोबर. तुमचं शरीर खोलीतला विजेचा गोंगाट अँटेनासारखं झेलतं आणि गिटारजवळ आणतं. तारेला हात लावला की तुम्ही गिटारच्या अर्थला जोडले जाता. हात लावल्यावर घूं वाढली तर जॅकच्या दोन वायरी उलट लागल्यात का ते तपासा.

आणि तारांना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा गाताना माइक ओठाला लागून चटका बसला, तर वाजवणं तिथेच थांबवा. ही आता आवाजाची तक्रार राहिली नाही.

दादा, आमच्या घरी थ्री पिन सॉकेट आहे, म्हणजे अर्थिंग आहेच ना?

नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये बोर्ड नवे बसले, पण मागची वायरिंग दोन तारांचीच राहिली, असं कितीतरी ठिकाणी दिसतं. सॉकेटला वरचं मोठं भोक असतं, त्यामागे वायरच नसते. नव्या सोसायट्यांमध्ये वायर असते, पण ती खाली मीटर रूममध्ये कशाला जोडली आहे ते देवाला ठाऊक.

इलेक्ट्रिशियनकडून, किंवा स्वतःला सवय असेल तर मल्टिमीटर एसीवर ठेवून, तीन मापं घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास यायला हवं. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थचं माप ६०, ९० असं काहीतरी अधांतरी आलं तर ती अर्थ वायर कुठेच पोचत नाही. न्यूट्रल-अर्थ दहा-पंधरा व्होल्ट असेल तर न्यूट्रलवर लोड फार आहे किंवा अर्थिंग कमकुवत आहे. अशा घरात अॅम्प कितीही चांगला असला तरी घुमणार.

इथल्या मातीचा आणखी एक खेळ आहे. काळी जमीन आणि खाली मुरूम. एप्रिल-मेमध्ये माती तडकते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, रेझिस्टन्स वाढतो, आणि पावसाळ्यात न येणारी घूं उन्हाळ्यात यायला लागते. बंगल्यात राहणाऱ्यांनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून बघावं. फरक पडला तर अॅम्पवाल्याला नको, अर्थिंगवाल्याला बोलवा.

प्लगची अर्थ पिन काढून टाकली की घूं बंद होते. तसंच चालवलं तर?

नाही. मधे कुठे काय बिघडलं तर अॅम्पच्या पत्र्यावर आलेली वीज जायला तुमच्या हातातल्या गिटारच्या तारांखेरीज रस्ताच उरत नाही. घूं बंद झाली याचा अर्थ ग्राउंड लूप आहे (उपकरणं अर्थला एकाहून जास्त वाटांनी जोडली गेली आहेत) एवढाच. सगळी उपकरणं एकाच बोर्डवरून चालवा. तेवढ्याने लूप मोडला नाही तर ऑडिओ केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

फॅन लावला की बारीक किरकिर सुरू होते.

फॅनचा दोष नाही, रेग्युलेटरचा. सलग फिरणारे जुने इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ट्रायॅकवर चालतात. ते विजेची लाट दर अर्ध्या फेरीत मध्येच कापतात, आणि त्या कापाचा टोकदार आवाज वायरिंगभर पसरतो. चार पायऱ्यांचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवा, स्वस्तात सुटका. दिव्यांच्या डिमरचंही हेच. स्वस्त एलईडी बल्ब, ट्यूबलाइटचा इलेक्ट्रॉनिक चोक आणि फोनचे चार्जर यांचा आवाज वरच्या पट्टीतला, चिरकट असतो. घरातल्या वस्तू एकेक करून बंद करा आणि ऐका. अर्ध्या तासात गुन्हेगार सापडतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र ट्यूब अॅम्प लावूच नका. घूं तर येतेच, ट्रान्सफॉर्मरही विनाकारण तापतो. साइन वेव्ह असेल तर चालेल.

फ्रिज किंवा सोसायटीचा पंप सुरू होताना एक 'टप्' येतो, रिलेवाला स्टॅबिलायझर टॅप बदलताना 'टक्' येतो. याकडे दुर्लक्ष करा.

आमची प्रॅक्टिसची जागा सातपूरला गाळ्यात आहे. दिवसा भयंकर आवाज, रविवारी शांत.

उत्तर प्रश्नातच आलं. शेजारी वेल्डिंग मशीन किंवा व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) चालणारी मोटर असेल. व्हीएफडीची शिट्टी किलोहर्ट्झमध्ये असते, ती घूंसारखी वाटतही नाही. अंबडलाही हाच प्रकार. अॅम्पसाठी मीटरपासून वेगळी लाइन आणि वेगळी अर्थिंग ओढून घ्या, मेन्सवर विजेतला गोंगाट अडवणारा एक चांगला ईएमआय फिल्टर लावा, सिंगल कॉइलऐवजी हमबकर वाजवा. तरीही थोडं राहीलच. प्रॅक्टिस कारखाने सुटल्यावर ठेवणं हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय, आणि बहुतेक बँड शेवटी तोच करतात.

पेडलबोर्ड लावला की चिंऽऽ असा आवाज येतो.

प्रत्येक पेडल नव्या ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर अॅडॅप्टर दोषी. एकाच स्वस्त अॅडॅप्टरवरून साखळी करून पाच पेडल चालवली, त्यात एखादं डिजिटल डिले असलं, की त्याच्या घड्याळाची चिंचीं बाकीच्यांत उतरते. प्रत्येक पेडलला स्वतंत्र आयसोलेटेड आउटपुट देणारा सप्लाय हा त्यावरचा खरा इलाज. ओव्हरड्राइव्ह आणि कॉम्प्रेसर एकामागे एक लावून वर सूं येते म्हणाल, तर ती तुम्हीच विकत घेतली आहे.

नव्या ट्यूब टाकल्या, तरी सूं तशीच आहे.

मग ट्यूब सोडा, प्लेट रेझिस्टरकडे या, म्हणजे ट्यूबच्या प्लेटला व्होल्टेज पोचवणाऱ्या रेझिस्टरकडे. पहिल्या पायरीचा रेझिस्टर साधारण १०० किलोओहमचा असतो. जुन्या अॅम्पमध्ये तो कार्बन कंपोझिशनचा असतो, आणि वय झालं की डीसी व्होल्टेजखाली तो स्वतःच सुसाटतो, कधी कढईत तळण पडल्यासारखा चरचरतो. त्या जागी मेटल फिल्म टाकला की फरक लगेच ऐकू येतो. काही जण जुना 'टोन' जाईल म्हणून हात लावू देत नाहीत. पहिल्या पायरीत तरी मला तो फरक आजवर ऐकू आलेला नाही, सूं मात्र गेलेली ऐकू आली आहे.

इनपुट जॅकही बघा. केबल काढली की जॅकमधली पट्टी इनपुटला अर्थवर टेकवते. ती पट्टी काळी पडली किंवा वाकली की इनपुट उघडा राहतो, आणि गिटार न लावताच अॅम्प सूं-घूं दोन्ही करतो.

ट्यूबला टिचकी मारली की स्पीकरमधून टण् असा आवाज येतो.

ती ट्यूब मायक्रोफोनिक झाली. आतले बारीक इलेक्ट्रोड सैल होऊन थरथरतात आणि ट्यूब माइकसारखी वागते. टिचकी बोटाने नको, ट्यूब तापलेल्या असतात. पेन्सिलीच्या रबराकडच्या टोकाने हलकेच मारा. पहिल्या ट्यूबवर थोडा टक् येणं ठीक. पण सूर लांबत राहिला, किंवा आवाज वाढवल्यावर आपोआप शिट्टी सुरू झाली, तर बदलायची. कॉम्बोमध्ये ट्यूब स्पीकरसोबत एकाच खोक्यात हादरत असतात, म्हणून तिथे हे लवकर होतं. लगेच फेकू मात्र नका. तीच ट्यूब फेज इन्व्हर्टरच्या जागी वर्षानुवर्षं मुकाट चालते.

दर पावसाळ्यात कडकड सुरू होते, दिवाळीनंतर आपोआप जाते. असं का?

जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यात जास्त विचारला जाणारा हा प्रश्न. इगतपुरी-त्र्यंबककडच्या लोकांकडून तर हमखास.

ओलीचे तीन परिणाम होतात. पहिला, ट्यूबच्या पिना आणि सॉकेट यांच्यावर बारीक गंज चढतो. ट्यूब सॉकेटमध्ये जराशी हलवली आणि कडकड बदलली, तर हेच. अॅम्प बंद आणि गार असताना ट्यूब चार-पाच वेळा आत-बाहेर करा, पिनांना कॉन्टॅक्ट क्लीनर लावा, सॉकेटची पकड सैल असेल तर मेकॅनिककडून आवळून घ्या. दुसरा, जॅक आणि पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) यांचंही तेच होतं. तिसरा परिणाम खरा त्रासाचा, तो बोर्डाचा. जुन्या अॅम्पमधले फायबरचे बोर्ड हवेतली ओल शोषतात आणि किंचित वाहक होतात. ४०० व्होल्टच्या शेजारून ग्रिडची (ट्यूबच्या सिग्नल घेणाऱ्या टोकाची) वायर जात असेल, तर मधल्या बोर्डातून गळती होऊन घरघर-कडकड सुरू होते. मल्टिमीटरचं एक टोक अर्थला आणि दुसरं नुसत्या बोर्डाच्या पृष्ठभागावर टेकवलं तर काही व्होल्ट डीसी दिसतात. हे सुरू अॅम्पवर करायचं माप आहे, सरावलेल्या माणसानेच करावं. हेअर ड्रायरने बोर्ड शेकून आवाज गेला तर निदान पक्कं.

वाजवत नसाल तरी पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तासभर अॅम्प चालू ठेवा. ट्यूबची ऊब आतली ओल घालवते. मागे जाळी नसेल तर ती लावा. उबेला झुरळं येतात, मुंग्या येतात, आणि क्वचित एखादी पाल ४०० व्होल्टला शिवून अॅम्पचा आणि स्वतःचा शेवट करते.

नॉब फिरवला की खरखर होते. स्प्रे मारला, आठ दिवसांत परत आली.

स्प्रेने गेली नाही तर बहुतेकदा पॉट मळलेला नसतो, त्यावर डीसी येत असतं. मागच्या ट्यूबच्या प्लेटवरचं उच्च व्होल्टेज अडवायला एक कपलिंग कपॅसिटर असतो, बऱ्याचदा ०.०२२ मायक्रोफॅरडचा. तो गळायला लागला की पॉटवर डीसी पोचतं आणि नॉब फिरवताना खरखरतो. कपॅसिटर बदला, पॉट आपोआप बरा होईल.

मोठे कपॅसिटर किती वर्षांनी बदलायचे?

इलेक्ट्रोलिटिक फिल्टर कपॅसिटर ढोबळमानाने दहा ते वीस वर्षं चालतात. फुगले, बुडाशी चिकट द्रव आला, किंवा १०० हर्ट्झची घूं वाढत चालली, की बदला. अनेक वर्षं माळ्यावर पडलेला अॅम्प थेट प्लगला लावू नका. जुन्या रेडिओ मेकॅनिककडे सिरीज लॅम्पचा बोर्ड असतो, १०० वॉटचा पिवळा बल्ब मधे घालून उपकरण चालू करायचा. त्यावर चालू करा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीतच राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि फ्यूजऐवजी ते बल्बवर निभावलं.

पॉवर ट्यूब बदलल्या आणि घूं सुरू झाली.

पुश-पुल अॅम्पमध्ये सप्लायमधली घूं दोन्ही ट्यूबमधून सारखीच येते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकींना मारते. दोन ट्यूब सारखा करंट ओढत नसतील तर ती पूर्ण मरत नाही. म्हणून ईएल३४ किंवा ६एल६ जोडीनेच, मॅच केलेल्या घ्यायच्या आणि बायस लावून घ्यायचा. अंधारात बघा: एखाद्या ट्यूबची प्लेट लालबुंद दिसली तर लगेच बंद करा.

'फट् फट् फट्' असा आवाज येतो, गिटार लावलेली नसतानाही.

पायऱ्यांना वेगवेगळं ठेवणारा डीकपलिंग कपॅसिटर उघडा पडला आहे. सप्लायच्या वाटेने पुढची पायरी मागच्या पायरीला ढकलते आणि चक्र चालू राहतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नुकताच बदलला असेल आणि अॅम्प चालू होताच किंचाळत असेल, तर त्याच्या प्रायमरीच्या दोन टोकांची अदलाबदल करून घ्या. निगेटिव्ह फीडबॅक उलटा लागला आहे.

मामाने अमेरिकेतून अॅम्प पाठवला. स्टेपडाउनवर चालतो, पण घुमतो आणि तापतो.

स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरमुळे १२० व्होल्ट मिळाले, पण हर्ट्झ बदलले नाहीत. ६० हर्ट्झसाठी काटेकोर बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो आणि पत्रे गुणगुणतात. आधी अॅम्पचं लेबल वाचा. काहींत २३० व्होल्टचा टॅप आत असतो. दुसरी गोष्ट, बाजारातल्या कित्येक स्टेपडाउन खोक्यांना आउटपुटला अर्थच नसते. तीन पिनांचा इनपुट आणि आउटपुटला अर्थ असलेलाच घ्या.

घूं फक्त रिव्हर्ब वाढवल्यावर येते.

रिव्हर्बच्या टाकीतली पिकअप कॉइल मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या फार जवळ आली आहे. टाकी फिरवून उलट्या बाजूने बसवा. टाकीला जाणाऱ्या दोन केबलचं शील्ड तपासा.

स्टँडबायवरही (ट्यूब गरम, पण आवाज बंद) घूं येते.

ती स्पीकरमधून नाही, ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांतून येते. बोल्ट आवळून घ्या, मधे रबराचा वॉशर टाका. आणि ठरावीक सुरालाच खडखड होत असेल तर अॅम्प उघडण्याआधी स्पीकरचे नट, हँडल, मागची फळी हाताने दाबून बघा.

अॅम्प स्वतः उघडू का, काका?

माहिती नसेल तर नको, आणि मी हे धंद्यासाठी म्हणत नाही. आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतं, आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतं. कधी मिनिटभर, कधी खूप जास्त. उघडायचाच असेल तर स्टँडबाय 'प्ले'वर ठेवून मेन्स बंद करा, म्हणजे तापलेल्या ट्यूब बराच चार्ज ओढून घेतात. मग १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने प्रत्येक कपॅसिटरवर लावून तो रिकामा करा. आणि मग मल्टिमीटरने शून्य आलंय हे डोळ्याने बघा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची मेकॅनिकांची जुनी खोड तुम्ही उचलू नका. माप घेताना एक हात खिशात. घरात एकटे असताना तर नकोच.

घरी शांत असतो. गणपतीच्या मंडपात आणि हॉलमध्ये घुमतो.

हॉलमध्ये बहुतेकदा दिव्यांचे डिमर असतात. साउंडवाल्याला विचारून दिव्यांपेक्षा वेगळ्या फेजवर लाइन घ्या. अॅम्पची लाइन मिक्सरला द्यायची असेल तर मधे डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरजोगा करणारा छोटा डबा) लावा आणि त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. हे बटण फक्त सिग्नलची अर्थ सोडतं, मेन्सची नाही, म्हणून ते वापरायला हरकत नाही. मंडपात किंवा गंगापूर धरणाकडच्या मोकळ्यावरच्या कार्यक्रमांत वीज जनरेटरची असते. त्याला अर्थचा रॉड ठोकला आहे का, हे साउंड चेकच्या आधी विचारा. शेजारी ढोलपथक असेल तर घूं कोणाला ऐकू येणार नाही, पण करंट लागायचा तो लागेलच.

पार्ट आणि ट्यूब कुठे मिळतात?

साधे रेझिस्टर, जॅक, क्लीनर नाशकातच मिळतात. ४५०-५०० व्होल्टचे कपॅसिटर आणि ट्यूबचे सॉकेट यांसाठी अजूनही सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने दादर गाठायचं आणि लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड धुंडाळायचा. कपॅसिटर घेताना छापलेली तारीख बघा. दुकानात दहा वर्षं पडलेला 'नवा' कपॅसिटर नवा नसतो. बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स एके काळी ईसीसी८३ आणि ईएल८४ सारख्या ट्यूब बनवायची. जुन्या रेडिओवाल्यांकडे त्या पुठ्ठ्याच्या डब्यात अजून सापडतात आणि अनेकदा उत्तम चालतात. सापडली तर घासाघीस करू नका, घेऊन टाका.

दुरुस्तीला आणताना काय सांगू?

"आवाज येतो" एवढंच नको. घूं, सूं, कडकड की शिट्टी. चालू करताच येते की वीस मिनिटांनी तापल्यावर. कुठला नॉब तिला हलवतो. गिटार काढल्यावर राहते का. दुसऱ्याच्या घरी येते का. हे कागदावर लिहून आणा, तुमचे निम्मे पैसे वाचतात. आवाज अधूनमधून येणारा असेल तर फोनवर रेकॉर्ड करून आणा, कारण माझ्या टेबलावर आल्यावर तो हटकून गप्प बसतो. फ्यूज उडाला असेल तर उडालेलाच आणा. जास्त अँपिअरचा टाकून 'चालतोय का' बघू नका. आणि स्कूटीवरून आणणार असाल तर ट्यूब काढून, कुठली कुठे होती ते लिहून, वेगवेगळ्या फडक्यांत गुंडाळून पिशवीत आणा. आमच्या गल्लीतल्या खड्ड्यांची हमी मी देत नाही.